नाविकचा फिक्स रोज जातो आणि आपोआप परत येतो: कारण कसं शोधायचं

"कालपर्यंत चालत होतं, आज नाविकवर फिक्सच मिळत नाही." गाड्यांना ट्रॅकर बसवणारे, कॉलेजात प्रकल्प करणारी मुलं, घरच्या घरी रिसीव्हर जोडून पाहणारे हौशी लोक, या सगळ्यांकडून ही तक्रार मी सतत ऐकतो. नाविक म्हणजे जीपीएससारखी भारताची स्वतःची उपग्रह-दिशादर्शन प्रणाली, आणि फिक्स म्हणजे रिसीव्हरला आपली जागा सापडणं. दोन तासांनी त्यांचाच निरोप येतो की झालं सुरू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तोवर मॉड्यूल बदललेलं असतं, फर्मवेअर नव्याने चढवलेलं असतं, अँटेनाची वायर कापून दुसरी लावलेली असते. यातली बरीचशी मेहनत फुकट जाते, कारण बिघाड रिसीव्हरमध्ये आहे की आकाशात, हे आधी पाहिलेलंच नसतं. ते पाहायला एक वही आणि दहा दिवस पुरतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. तुमचा फोन किंवा ट्रॅकर जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बायदू आणि नाविक असे सगळे मिळून वापरत असेल, तर नाविक गेल्याचं तुम्हाला कळणारही नाही. बाकीचे सांभाळून घेतात. ही तक्रार येते ती रिसीव्हर "फक्त नाविक"वर ठेवला की, किंवा ॲपमध्ये नाविकचे उपग्रह मोजत बसलं की. त्यामुळे गाडीची जागा नकाशावर चुकतेय आणि सगळ्या प्रणाली चालू आहेत, तर दोष नाविकच्या माथी मारू नका. तिथे अँटेना, पत्र्याची शेड नाहीतर नकाशाच चुकलेला असण्याची शक्यता जास्त.

आकाशात नेमकं काय आहे

जीपीएसचे उपग्रह साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. एक मावळला की दुसरा उगवतो, आणि तीसच्या आसपास असल्यामुळे डोक्यावर नेहमीच सात-आठ तरी सापडतात. नाविकची मांडणीच निराळी आहे. त्याचे उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटरवर, पृथ्वीच्या फिरण्याशी ताळमेळ ठेवून असतात. मूळ आराखडा सातांचा. त्यातले तीन विषुववृत्तावर जागच्या जागी उभे: ३२.५, ८३ आणि १२९.५ अंश पूर्व रेखांशावर. उरलेल्या चारांच्या कक्षा सुमारे २९ अंशांनी कललेल्या. ते ५५ आणि १११.७५ अंशांवर विषुववृत्त ओलांडतात आणि दिवसभरात उत्तर-दक्षिण असा इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा मार्ग काढतात.

म्हणजे तुमच्या गच्चीवरून पाहिलं तर नाविकचा प्रत्येक उपग्रह आकाशाच्या ठरलेल्या तुकड्यातच असतो. पुण्यात उभं राहिलात तर ८३ अंशांची जागा दक्षिणेला, क्षितिजापासून ६५ अंशांच्या आसपास वर येते. ३२.५ ची पश्चिम-नैर्ऋत्येला, ३८-३९ अंशांवर. १२९.५ ची मात्र पूर्वेला, जेमतेम २४ अंशांवर. पूर्वेला शेजारची चार मजली इमारत असली की ती जागा कायमची झाकली गेली समजा. जीपीएसच्या बाबतीत अशी इमारत थोडा वेळ त्रास देते, कारण उपग्रह सरकत राहतो. जागचा न हलणारा उपग्रह इमारतीमागे गेला तर तो तिथेच राहणार.

स्थान काढायला किमान चार उपग्रह लागतात. तीन अक्षांश, रेखांश आणि उंचीसाठी, चौथा तुमच्या रिसीव्हरच्या स्वस्त घड्याळाची चूक काढण्यासाठी. ही चूक क्षुल्लक नसते. एका मायक्रोसेकंदात रेडिओलहर ३०० मीटर जाते. चौथा उपग्रह नसेल तर काही रिसीव्हर जुनी उंची गृहीत धरून काम भागवतात, बरेचसे सरळ हात वर करतात.

आता खरी अडचण. जुलै २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीनुसार या मालिकेत तोवर अकरा उपग्रह सोडले गेले होते. त्यातले चार स्थान आणि वेळेची सेवा देत होते, चार फक्त संदेश प्रसारणाच्या कामी होते, एक निवृत्त झाला होता आणि दोन ठरलेल्या कक्षेत पोहोचलेच नव्हते. त्या दोनांपैकी एकावरचं उष्णतारोधक कवच ऑगस्ट २०१७ मध्ये उघडलंच नाही. दुसरा, एनव्हीएस-०२, जानेवारी २०२५ मध्ये श्रीहरिकोट्याहून व्यवस्थित उडाला, पण इंजिनाला ऑक्सिडायझर देणारा व्हॉल्व्ह उघडला नाही आणि तो लांबट कक्षेतच राहिला. श्रीहरिकोट्यावरचं ते शंभरावं उड्डाण होतं, म्हणून आणखीच चुटपुट लागली.

लागतात चार, आणि आकाशात कामाचेही तेव्हा चारच होते. त्यातला एक जरी कमी पडला की फिक्स गेला. तुमच्या मॉड्यूलमध्ये दोष शोधायला बसण्याआधी हे गणित डोक्यात पक्कं ठेवा.

वहीची युक्ती

ऑगस्ट २०२५ मध्ये मी स्वतः या चक्रात अडकलो. गच्चीवर एक मॉड्यूल फक्त नाविकवर ठेवून लॉग घेत होतो. रोज दोनदा फिक्स जायचा, सकाळी आणि संध्याकाळी, दर वेळी दीडेक तास. पहिले चार दिवस मी वीजपुरवठ्याला दोष दिला. सकाळ-संध्याकाळ सोसायटीचा पाण्याचा पंप चालतो, त्याचा धक्का बसत असेल असं वाटलं. वेगळी बॅटरी लावली. काही फरक नाही.

मग कॅलेंडरच्या चौकोनांत वेळा लिहायला लागलो. पहिल्या दिवशी सकाळचा फिक्स ७:४० ला गेला होता. पाचव्या दिवशी ७:२४. अकराव्या दिवशी बरोबर ७:००. दहा दिवसांत चाळीस मिनिटं मागे, म्हणजे रोज चार मिनिटं. पंप काही रोज चार मिनिटं आधी सुरू होत नाही. वॉचमन घड्याळ बघून बटण दाबतो.

रोज चार मिनिटं म्हणजे ताऱ्यांच्या दिवसाचा हिशोब. ताऱ्यांच्या संदर्भात पृथ्वी एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पूर्ण करते, आणि हे उपग्रह त्याच फेरीला बांधलेले असतात. उपग्रह आकाशातल्या त्याच बिंदूवर रोज चार मिनिटं आधी येतो. महिन्याला दोन तास. श्रावणात सकाळी होणारा त्रास दिवाळीच्या सुमारास पहाटे अंधारात होऊ लागतो, आणि माणसाला वाटतं की तो आपोआप बरा झाला.

एवढं कळल्यावर लॉगमध्ये कोण गायब होतंय ते पाहिलं. सकाळी उपग्रह क्रमांक आय०२ जायचा, त्यानंतर बाराएक तासांनी आय०९. हे दोन्ही ५५ अंशांवरून विषुववृत्त ओलांडतात, फक्त एक वर असतो तेव्हा दुसरा खाली. खाली म्हणजे दक्षिण टोकाला गेला की तो पुण्यातून दक्षिण-नैर्ऋत्येला, साधारण ३२ अंशांवर दिसतो. अँटेनापाशी उकिडवा बसून त्या दिशेला हात धरला, तर समोर सिमेंटची पाण्याची टाकी. टाकीच्या कठड्याची कड बरोबर तेवढ्याच उंचीवर येत होती. अँटेना उचलून टाकीच्या माथ्यावर ठेवली, आणि दोन्ही वेळचा त्रास त्याच दिवशी थांबला.

तर पहिली तपासणी हीच. फिक्स जाण्याची वेळ किमान आठवडाभर लिहा. ती रोज चार मिनिटांनी मागे सरकत असेल तर कारण आकाशात आणि तुमच्या आसपासच्या अडथळ्यात आहे. मॉड्यूल उघडू नका, अँटेनाची जागा बदला. वेळ घड्याळाला चिकटून असेल, म्हणजे रोज बरोबर साडेनऊला, तर कारण जमिनीवर आहे: एखादं यंत्र सुरू होतंय, गाडी पत्र्याखाली लागतेय, फोन बॅटरी वाचवण्याच्या मोडमध्ये जातोय. (याला एक अपवाद आहे, संध्याकाळचा. तो शेवटी सांगतो.) आणि वेळेला काही ताळतंत्रच नसेल तर आधी कनेक्टर हलवून बघा. गंजलेला नाहीतर सैल कनेक्टर असाच वागतो.

उपग्रह दिसतो, सिग्नल आहे, तरी वापरला जात नाही

ॲन्ड्रॉइडवर जीपीएसटेस्टसारखं ॲप लावलं की उपग्रहांची यादी येते. नुसती यादी मोजू नका. प्रत्येक ओळीत ए, ई, यू अशी अक्षरं येतात. ए म्हणजे ढोबळ पंचांग मिळालं, ई म्हणजे नेमकी कक्षा मिळाली, यू म्हणजे हा उपग्रह हिशोबात धरला. यू नसलेला उपग्रह कितीही ठळक दिसला तरी तुमच्या फिक्सला त्याचा उपयोग नाही.

यू न येण्याचं एक कारण उपग्रहातलं अणुघड्याळ. दिशादर्शनाचा सगळा डोलारा या रुबिडियम घड्याळावर उभा असतो. सुरुवातीच्या उपग्रहांत बाहेरून आणलेली घड्याळं होती, प्रत्येकात तीन. पहिल्या, म्हणजे १ए उपग्रहाची तिन्ही बंद पडली, आणि त्याच्या जागी एप्रिल २०१८ मध्ये १आय पाठवावा लागला. घड्याळ गेलेला उपग्रह मुका होत नाही, त्याचा रेडिओ चालू राहू शकतो. मच्छीमारांना वादळाचे इशारे देण्यासारख्या कामाला तो चालतो. पण त्याच्या वेळेवर विसंबता येत नाही, म्हणून रिसीव्हर त्याला बाजूला ठेवतो. यात दुरुस्त करण्यासारखं तुमच्या हातात काही नाही. मे २०२३ मध्ये गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने घडवलेलं देशी घड्याळ आहे. या सगळ्या प्रवासात मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

दुसरं कारण साधं आहे: घाई. नाविकच्या संदेशाचा एक भाग बारा सेकंदांचा असतो, आणि कक्षा व घड्याळाची माहिती पहिल्या दोन भागांत मिळून येते. म्हणजे सलग चोवीस सेकंद सिग्नल तुटता कामा नये. झाडाखाली किंवा चालत्या गाडीत तो मध्येच तुटतो, मग पुढच्या फेरीची वाट पाहा. थंड, म्हणजे बराच वेळ बंद असलेला, रिसीव्हर मोकळ्या आकाशाखाली पाच मिनिटं न हलवता ठेवा, मगच मत बनवा. ट्रॅकर रोज सकाळीच अडखळत असेल तर मॉड्यूलला जपून ठेवणारी छोटी बॅटरी मेलेली असते. रात्री वीज गेली की तो कालचं सगळं विसरतो.

फोनच्या खोक्यावर नाविक लिहिलंय, ॲपमध्ये एकही नाही

इथे बहुतेकांचं घोडं बँडवर, म्हणजे रेडिओलहरींच्या पट्ट्यावर, अडतं. जुने नाविक उपग्रह दोनच बँडवर बोलतात: एल५, म्हणजे ११७६.४५ मेगाहर्ट्झ, आणि एस, म्हणजे २४९२.०२८ मेगाहर्ट्झ. सगळ्या फोनांना सवयीचा असलेला एल१, १५७५.४२ मेगाहर्ट्झ, नाविकमध्ये आला तो एनव्हीएस-०१ पासून. त्यामुळे फोनला एल५ ऐकू येत नसेल, तर चिप कितीही नाविकची असली तरी त्याला फार तर तो एकच उपग्रह मिळेल. एका उपग्रहावर फिक्स होत नाही. ॲपच्या यादीत बँडचा रकाना असतो. जीपीएसच्या काही उपग्रहांपुढे तिथे एल५ दिसतंय का ते बघा. दिसत असेल तर फोनची अँटेना एल५ ला चालते, कारण जीपीएस आणि नाविकच्या एल५ ची फ्रिक्वेन्सी अगदी एकच आहे. जीपीएसचाही एल५ कुठेच दिसत नसेल तर शोध तिथेच थांबवा.

ॲन्ड्रॉइड १० च्या आधीच्या फोनात ॲपला नाविक वेगळं ओळखताच येत नाही. आयफोन १५ प्रोपासून प्रो मॉडेलांत नाविक आहे, पण आयफोन ॲपला उपग्रहांची यादी देत नाही, म्हणून तिथे "दिसत नाही" या तक्रारीला अर्थ नाही. नाविकसाठी वेगळं ॲप टाकावं लागत नाही, कुठलं बटणही दाबावं लागत नाही. ॲन्ड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत जीएनएसएसची (म्हणजे उपग्रह-दिशादर्शनाची) पूर्ण मोजमापं सक्तीने घेण्याची सोय असते. ती चाचणीपुरती चालू करा, म्हणजे बॅटरी वाचवायला फोन मधूनमधून डुलकी घेणार नाही. नंतर आठवणीने बंद करा.

आणि ॲपच्या यादीत उपग्रहापुढे तिरंगा दिसला म्हणजे नाविक असं नाही. क्रमांक १२७ किंवा १२८ असेल तर ते गगन आहे. गगन जीपीएसच्या चुका सुधारून सांगतं, मुख्यतः विमानांसाठी. नाविक स्वतंत्रपणे स्थान देतं.

अँटेना: जीपीएस मस्त, नाविक शून्य

ट्रॅकरवाल्यांनो, हे तुमच्यासाठी. मॉड्यूल एल५ नाविकचं आणि अँटेना मात्र कपाटात पडलेली जुनी जीपीएसची, अशी जोडी मी कितीदा पाहिली ते सांगवत नाही. त्या चौकोनी सिरॅमिक अँटेनाचा पट्टा अरुंद असतो, शिवाय आतल्या ॲम्प्लिफायरसोबत १५७५ सोडून बाकी सगळं अडवणारा फिल्टर असतो. जीपीएसच्या सिग्नलचा आकडा चाळीसच्या वर दिसतो आणि नाविकची ओळ कोरी. अँटेनाच्या कागदावर ११७६ असा आकडा नसेल तर ती या कामाची नाही, मग दिसायला कितीही भारी असो.

अँटेना बरोबर असूनही सर्व्हरवर शून्य दिसत असेल तर मॉड्यूलमधून येणाऱ्या ओळी डोळ्यांनी वाचा. नाविकच्या ओळी जीआय या अक्षरांनी सुरू होतात, जीपीएसच्या जीपी ने. जुनं सॉफ्टवेअर फक्त जीपी ओळखतं आणि बाकीच्या ओळी टाकून देतं. उपग्रह आलेला असतो, मोजणाऱ्यानेच मोजलेला नसतो.

पावसाला मात्र उगाच बोल लावू नका. या बँडवर पावसाच्या सरींनी सिग्नल फारसा कमी होत नाही. ओल्या पानांची गर्दी आणि अँटेनावर साचलेलं पाणी मात्र खरंच त्रास देतं.

परगावी आणि परदेशी

नाविकचं मुख्य क्षेत्र म्हणजे भारत आणि सीमेपासून १,५०० किलोमीटरपर्यंतचा भाग. तिथे स्थान २० मीटरपेक्षा अचूक मिळावं असा आराखडा आहे. त्याबाहेर विस्तारित क्षेत्र आहे, ३० अंश दक्षिण ते ५० अंश उत्तर आणि ३० ते १३० अंश पूर्व या चौकटीत. दुबईतल्या भावाच्या फोनला नाविक मिळायला हवं. लंडनमधल्या मुलाच्या फोनला ते मिळत नसेल तर फोन बदलायची गरज नाही, लंडन चौकटीबाहेर आहे. चौकटीच्या कडेला उपग्रह एकाच बाजूला गोळा झालेले दिसतात, त्यामुळे संख्या पुरेशी असूनही जागा भरकटते.

संध्याकाळचा अपवाद

टाकीचं कोडं सुटल्यावर सप्टेंबरअखेरपर्यंत माझा लॉग स्वच्छ होता. ऑक्टोबरात पुन्हा खड्डे पडायला लागले, रात्री साडेआठ ते साडेदहाच्या दरम्यान. या वेळा मात्र सरकत नव्हत्या. काही रात्री त्रास, काही रात्री काहीच नाही. एक उपग्रह जात नव्हता, दोन-तीनांचे सिग्नल एकदम थरथरायचे: ४२ वरून २५, पुन्हा ४०.

हे आयनांबराचं, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराचं, काम. विषुववृत्ताजवळच्या पट्ट्यात सूर्यास्तानंतर तिथल्या विद्युतभारित थरात बुडबुड्यांसारखे पोकळ भाग तयार होतात, आणि त्यातून येणारा सिग्नल तारा लुकलुकावा तसा लुकलुकतो. आपल्याकडे मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे दिवस-रात्र सारखे असतात त्या सुमारास, आणि सूर्यावर डागांचा जोर असलेल्या वर्षांत हे जास्त होतं. आयनांबरामुळे होणारा नेहमीचा उशीर नाविक बऱ्यापैकी सुधारतं: एल५ आणि एस असे दोन बँड असलेला रिसीव्हर तो स्वतः मोजतो, एकाच बँडच्या रिसीव्हरसाठी भारतावरच्या जाळीचे आकडे उपग्रहच पाठवतो. पण सिग्नलच तुटला तर सुधारायला काही उरत नाही.

यावर गच्चीवर बसून करण्यासारखा उपाय नाही. अशा रात्री बाकीच्या प्रणाली चालू ठेवा, म्हणजे लुकलुकणाऱ्या उपग्रहांच्या पलीकडे, आकाशाच्या दुसऱ्या बाजूला, काही शाबूत सापडतात. आणि लॉगमध्ये त्या तासांसमोर खूण करून ठेवा. माझ्या वहीत नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यानंतर अशी एकही खूण नाही.